पेठ रोडची सॉ मिल: ओंडके आऱ्यापर्यंत न्यायला मशीन लावायचंय, सुरुवात कुठून करू?

वखारीचा_पोरगा (नाशिक)

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब झालीय, चहा घेऊन बसा.

पेठ रोडला आमची सॉ मिल आहे, आजोबांच्या वेळची. तेव्हा टोमॅटो-द्राक्षाच्या लाकडी पेट्यांच्या पट्ट्या काढायचो. तो धंदा प्लॅस्टिकच्या क्रेटने आणि पुठ्ठ्याच्या खोक्याने खाल्ला. आता अंबड, सातपूर, सिन्नरच्या कंपन्यांना पॅलेट आणि मशीन पॅकिंगची खोकी देतो, थोडा सेंट्रिंगचा माल. लाकूड म्हणाल तर निलगिरी, सुबाभूळ, बाभूळ, आंबा. एक्स्पोर्टच्या पॅलेटला बाहेरचा पाइन. मी मेकॅनिकल डिप्लोमा, सात वर्षं अंबडला मेंटेनन्सला होतो. अण्णांची बायपास झाली आणि मी वखारीत येऊन बसलो, तो बसलोच.

आमच्याकडे गोल माल, म्हणजे न कापलेले ओंडके, कसा हलतो ते सांगतो. ट्रक आला की हायड्रा (चाकांवरची क्रेन) बोलवायची, ढीग मारायचा. इथपर्यंत यंत्रयुग. ढिगापासून आऱ्यापर्यंत साधारण ४० फूट, तिथे मात्र चार माणसं, दोन पहारी, जमिनीवर टाकलेले दोन लाकडी दांडके आणि ‘हां, हां, घे, घे’. चार फूट गोलाईचा आठ फुटी ओंडका आमच्या वहीत ८ घनफूट भरतो, पण निलगिरी ओला असला की तोच ३०० किलोच्या घरात जातो. असे दिवसाला साठ-सत्तर. मग ट्रॉलीवर चढवायचा, पाचर मारायची, ट्रॉली हाताने ढकलायची. आरा ४२ इंची उभा पट्टा, म्हणजे ४२ इंची चाकांवर फिरणारा दातेरी पट्टा.

मागच्या पावसाळ्यात मामांच्या नडगीवर ओंडका आला. मामा म्हणजे नात्याने नव्हेत. आजोबांच्या वेळेपासून गोल मालावर आहेत, सगळेच त्यांना मामा म्हणतात. साल सुटलेला ओला निलगिरी म्हणजे साबणाची वडी. वरचा काढायला गेले आणि खालचा सुटला. हाड जुळायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मला कळलं की आमची वखार मामांच्या डोक्यात आहे. कुऱ्हाड उलटी धरून बुंध्यावर ठोकतात आणि सांगतात, ‘आतून पोकळ आहे, बाजूला काढ.’ कापल्यावर पोकळ निघतो. कुठल्या ढिगात कुठली गोलाई पडलीय हेही त्यांनाच माहीत. ते घरी होते तेव्हा पोरं अर्धा-अर्धा तास ढिगावर नुसती उड्या मारत होती.

ऑटोमेशनचं खूळ कुठून आलं तर हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवरून. एक्स्पोर्टच्या पॅलेटला लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं राहावं लागतं. भट्टीत सेन्सर आहेत, सगळी नोंद आपोआप होते, मी घरी बसून मोबाइलवर बघतो. आणि तिथून वीस पावलांवर पहार घेतलेला माणूस. मला ते बघवेना.

एका सप्लायरकडून कोटेशन मागवलं. साखळीचा डेक (ओंडके पुढे सरकवणारा साखळ्यांचा ओटा), एकेक ओंडका सोडणारी यंत्रणा, रोलर कन्व्हेयर, व्यास मोजायचा लेझर स्कॅनर, सगळं पीएलसीवर (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर). ४२ लाख, जीएसटी वेगळा. जागा बघायला कुणी आलं नाही, मी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या चार फोटोंवरून आकडा दिला. अण्णा म्हणाले, ‘४२ लाखांत मी आणखी एक वखार घेतो.’ वनखात्याच्या लायसन्सचं काय करणार हे त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून स्टॉपवॉच घेऊन तीन दिवस आऱ्यापाशी उभा राहिलो. आठ तासांच्या पाळीत पट्टा लाकडात होता सरासरी ३ तास १० मिनिटं. बाकी वेळ आरा मोकळा फिरत होता किंवा बंद होता. धार लावणं आणि पट्टा बदलणं यात पाऊण तास. राहिलेला सगळा वेळ ओंडक्याची वाट बघण्यात.

प्रश्न असे: डेक स्वतः बनवता येईल का? मोटर केवढी लागेल? स्कॅनर खरंच लागतो का? आणि पावसाळ्यातला चिखल, सालीचे धागे, भुसा यात सेन्सर किती टिकतात? नाशकातलं कुणी असेल तर प्रत्यक्ष येऊन बघा, मिसळ माझ्याकडून.

.

गंमतजंमत_७७

एवढा व्याप कशाला? दोन माणसं वाढवा, विषय संपला.

.

वखारीचा_पोरगा

दादा, माणसं असतील तर पाठवा. द्राक्षाच्या छाटणीला आणि काढणीला आमची पोरं दिंडोरी-निफाडला जातात. तिथे उक्त्यात पैसे जास्त आणि नडगीवर ओंडका पडत नाही.

.

पॅनलवाला (सातपूर)

मी कंट्रोल पॅनल बनवतो. लाकडाचं काम एकदाच केलंय, बाकी फाउंड्री आणि फूड. पण कन्व्हेयर हा कन्व्हेयरच.

मोटरचा हिशेब सोपा आहे. डेकवर एका वेळी आठ ओंडके, ३०० किलोप्रमाणे २४०० किलो. साखळी लोखंडी पट्टीवरून घासत जाते, घर्षण ०.३ धरा. ओढायला साधारण ७२० किलो, म्हणजे ७ किलोन्यूटन. वेग मिनिटाला ६ मीटर पुरे. त्याला लागते ७०० वॉट, एक एचपीसुद्धा नाही. सुरुवातीचा झटका, चिखल, एखादा आडवा अडकलेला ओंडका धरून ३ एचपी लावा. लोक चुकतात ते गिअरबॉक्समध्ये. मिनिटाला सहा-सात फेऱ्यांवर हजार न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क (शाफ्ट फिरवणारा जोर) लागणार आणि अडकल्यावर दुप्पट. तिथे स्वस्तातला वर्म गिअरबॉक्स घेतलात तर पहिल्याच पावसाळ्यात दात जातील. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावा आणि त्यात करंटची मर्यादा सेट करा. साखळी अडकली की मोटर थांबली पाहिजे, साखळी तुटता कामा नये.

एकेक ओंडका सोडायला कोयत्यासारखे वाकडे दोन हात एका शाफ्टवर बसवायचे. हात वर आला की एक ओंडका उचलून ट्रॉलीकडे ढकलतो आणि त्याचीच पाठ मागच्यांना अडवते. ६३ मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) हायड्रॉलिक सिलिंडर १०० बारला तीन टन जोर देतो. लिव्हरमध्ये तिप्पट लांबी धरली तरी टोकाला एक टन उरतो. तुम्हाला भरपूर.

आता जे कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही ते. वीज गेली तर? हात वर, त्यावर ओंडका, आणि पॉवरपॅक (सिलिंडरला प्रेशर देणारा पंप) बंद. सिलिंडरच्या अंगावरच लॉक व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे प्रेशर गेलं तरी हात जागेवरून हलणार नाही. वीज परत आल्यावर काहीही आपोआप चालू झालं नाही पाहिजे. व्हीएफडीतला ऑटो रीस्टार्ट बंद, माणसाने येऊन बटण दाबायचं. आमच्याकडे दुपारी लाइट जाते-येते, तेवढ्यात कुणीतरी साखळीत अडकलेली साल ओढायला वाकलेला असतो. डेकच्या दोन्ही बाजूंना दोरी ओढून बंद करायचा स्विच हवाच.

सेन्सर: फोटो सेन्सर भुशाने आंधळे होतात. ओंडका आला की नाही एवढंच कळायला हवं असेल तर लोखंडी फडफडी लावा, ओंडक्याने ढकलली की मागे प्रॉक्सिमिटी सेन्सरसमोर येईल, तो जवळ आलेलं लोखंड ओळखतो. चिखल लागला तरी चालते. स्कॅनर मात्र घ्या, पुढे डेटा कामाला येतो.

.

जुना_फोरमन

भाऊ, मी ३१ वर्षं आऱ्यावर काढली. दोन बोटं अर्धी आहेत, म्हणून टाइप हळू होतं.

स्कॅनर घेऊ नको. का ते ऐक. तू शेतकऱ्याकडून माल घेतोस कसा? दोरीने गोलाई मोजायची, तिचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. चार फुटी गोलाई, आठ फूट लांबी, ८ घनफूट. खरा गोल धरून काढशील तर तेच १०.२ निघतं. चौथ्या हिश्शाच्या हिशेबात शंभरातले साडेअठ्ठ्याहत्तरच मोजले जातात, बाकीची साल आणि कडा हे दोघांनी आधीपासून मान्य केलेलं. तुझा लेझर पडद्यावर १०.२ दाखवणार. ज्या दिवशी ट्रक घेऊन आलेल्या माणसाने तो पडदा बघितला, त्या दिवशी तो जुनाच भाव १०.२ ला मागणार. मग बस समजावत.

दुसरं. निलगिरीची साल लांब सुटते, दोरासारखी. साखळीच्या चाकात जाऊन अशी गुंडाळते की कोयत्याने कापावी लागते. चाकाखाली मोकळी जागा ठेव, खालून झाडता आलं पाहिजे. डेक जमिनीत खड्डा करून बसवू नको. सगळे बसवतात, दिसायला छान दिसतं, आणि जूनमध्ये त्या खड्ड्याचं तळं होतं.

तिसरं, साखळी नवी घेऊ नको. साखर कारखान्यांच्या भंगारात उसाच्या कॅरिअरची साखळी मिळते. उसाची मोळी आणि ओंडका, तिला फरक पडत नाही. कड्या आणि पिना तपासून घे.

चौथं, लायसन्स. १९९६ ला सुप्रीम कोर्टाचा जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यातला आदेश आला तेव्हा मी ज्या वखारीत होतो तिथलं शटर एका दिवसात खाली आलं. डेक म्हणजे आरा नव्हे, पण नकाशात मशीन वाढलेलं दिसलं की प्रश्न विचारतात. आधी वनखात्याला लेखी कळव, पोच घे, मग वेल्डिंग कर. आणि सागाच्या ओंडक्यावरचा वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का रजिस्टरला चढेपर्यंत टोकाचा तुकडा कापू नको, मशीन कितीही घाई करू दे.

.

रोटोरुआकर

मी मूळचा नाशिकरोडचा, सध्या न्यूझीलंडमध्ये रोटोरुआला एका सॉ मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. तुमच्याकडे येतो तो रेडिएटा पाइन आमच्या गावाभोवतीच वाढतो.

इथे काय चालतं ते सांगतो, म्हणजे ४२ लाखांच्या कोटेशनमधलं काय कुठून आलंय ते कळेल. झाड पाडणारं हार्वेस्टर मशीनच जंगलात लांबी आणि व्यास मोजून तुकडे करतं. मिलमध्ये मोठा लोडर ट्रकवरचा गठ्ठा एका घासात उचलतो. पुढे पायऱ्या-पायऱ्यांचं एक मशीन आहे, पायऱ्या खाली-वर होतात आणि ओंडके एकेक वर चढतात. वर पोहोचेपर्यंत सगळे सुटे. मग साल काढायचं मशीन, मग मेटल डिटेक्टर, मग स्कॅनर. स्कॅनर व्यास, निमुळतेपणा, बाक मोजतो, आणि ओंडका किती अंशात फिरवून आऱ्यात घातला तर जास्त फळ्या निघतील ते कॉम्प्युटर ठरवतो. स्वीडन-जर्मनीतल्या मोठ्या मिलमध्ये लाइन मिनिटाला शंभर मीटरच्या वर पळते, एका लाइनवर व्यासाप्रमाणे डझनांनी कप्पे असतात. काही ठिकाणी एक्स-रे लावून आतल्या गाठीसुद्धा बघतात.

हे सगळं परवडतं कारण लाकूड एकजात असतं. सरळ, एका वयाचं, एकाच जातीचं. तुमच्या ढिगात वाकडी बाभूळ, फांदीचा आंबा आणि सुबाभूळ एकत्र. तुमचं स्कॅनर मामा आहेत, आणि ते कुऱ्हाडीने ठोकून पोकळ ओळखतात. साधा लेझर फक्त बाहेरचा आकार बघतो, पोकळी त्याला दिसत नाही.

पण इथली एक गोष्ट जशीच्या तशी उचला: वर्गवारी आरा चालू व्हायच्या आधी होते. आऱ्यावरच्या माणसाने ओंडका शोधायला कधीही मागे वळून बघू नये. तुमचे हरवलेले तास वाहतुकीत गेलेत की शोधण्यात, हे वेगळं मोजलंत का?

आणि मेटल डिटेक्टर. इथे त्याच्या कॉइलजवळ लोखंडी साखळी चालत नाही, तेवढा पट्टा रबराचा ठेवतात. ओंडक्यात किती लोखंड निघतं तुमच्याकडे?

(इथे गंधकाचा वास इतका येतो की आईला व्हिडिओ कॉलवरही येतो असं ती म्हणते. मिसळीचा फोटो टाका.)

.

वखारीचा_पोरगा

दहा दिवस झाले, हिशेब घेऊन आलोय.

आधी लोखंड. आमच्याकडे आऱ्याच्या खांबाला तेलाचा एक जुना डबा टांगलेला आहे, ओंडक्यातून निघालेलं त्यात टाकतात. काल रिकामा करून बघितला. बॅनरचे खिळे असंख्य, हे रस्त्याकडेच्या झाडांचे. एक बैलाची नाल, अख्खी. आणि सगळ्यात जास्त द्राक्षबागेची जीआय तार. बांधावरच्या झाडाला मांडवाचा ताण बांधलेला असतो, दहा वर्षांत झाड तार गिळून टाकतं. बाहेरून बारीक ओठासारखी रेघ दिसते, बस. मामा ती रेघ बोटाने चाचपून सांगतात. मागच्या वर्षी एक सुटली आणि नव्या पट्ट्याचे दात वीतभर साफ झाले. बोगद्यासारखा डिटेक्टर परवडणार नाही, हातातला घेतलाय. बांधावरच्या प्रत्येक ओंडक्यावरून फिरवायचा, निलगिरी-पाइनवर नाही.

आता रोटोरुआकरांचा प्रश्न. पुन्हा दोन दिवस स्टॉपवॉच घेतलं, या वेळी दोन वेगळे खाने केले. ‘वाट बघणं’ म्हणून मी जे धरलं होतं त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वेळ शोधण्यात जात होता. ऑर्डर तीन बाय चारच्या बॅटनची, ढिगात वर पडलेले पाच फुटी गोलाईचे, बारीक खाली. मग वरचे चार हलवा, एक काढा, चार परत सारा. मी ४२ लाखांचं कोटेशन ओंडके वाहायला मागवलं होतं आणि आमची पोरं ओंडके नुसते खाली-वर करत होती.

तर या आठवड्यात रुळांचे जुने तुकडे उभे गाडून चार कप्पे केले. अडीच फुटांपर्यंत, साडेतीनपर्यंत, साडेचारपर्यंत आणि त्यापुढचे. मामा आता खुर्चीवर बसतात, हायड्रा ट्रक रिकामा करत असतानाच गोलाई बघून टोकाला रंग मारायला सांगतात. शिक्क्यावर रंग लावायचा नाही हे पहिल्याच दिवशी सांगावं लागलं, एका पोराने लावलाच होता. काल पट्टा लाकडात होता ४ तास ५ मिनिटं. मोटर एकही नाही.

अण्णा खूश आहेत, म्हणतात आता डेक कशाला. पण पहार आहेच, नडगी आहेच. डेक करायचा ठरलाय, जमिनीच्या वर, खड्डा नाही. स्कॅनर रद्द. वनखात्याला पत्र दिलं, पोच फाइलला लावली.

साखळीही मिळाली. उसाच्या कॅरिअरची, १५० मिलिमीटर पिच (दोन पिनांमधलं अंतर), दोन पदर, कड्या चांगल्या आहेत, तीन पिना बदलाव्या लागतील. चाकं मिळाली नाहीत. इथल्या फॅब्रिकेटरने २५ मिलिमीटरच्या प्लेटमधून गॅस कटिंगने काढून देतो म्हटलंय. तो सहा दातांचं म्हणतोय, स्वस्त आणि लहान. पॅनलवाले दादा, चालेल का?

.

पॅनलवाला (सातपूर)

सहा नको, आठ घ्या. सहा दातांच्या चाकावर साखळीचा वेग प्रत्येक दातागणिक तेरा-चौदा टक्के कमी-जास्त होतो, ती झटके देत चालते. आठावर तोच फरक साडेसात-आठ टक्क्यांवर येतो. ओंडका तीनशे किलोचा असला की प्रत्येक झटका गिअरबॉक्स खातो. आठ दातांचा पिच सर्कल (साखळीच्या पिना ज्या वर्तुळावर फिरतात त्याचा व्यास) ३९२ मिलिमीटर येईल, तो आकडा फॅब्रिकेटरला लिहून द्या, तोंडी सांगू नका. चाक मोठं झालं म्हणून शाफ्टच्या फेऱ्या मिनिटाला पाच होतील आणि टॉर्क १४०० च्या आसपास, गिअरबॉक्स त्या हिशेबाने बघा. दोन पदरांची दोन्ही चाकं शाफ्टवर एकाच चावीवर (चाक पकडणारी खाचेतली पट्टी), दात समोरासमोर. एक दात मागे-पुढे झाला तर ओंडका तिरका चालेल.

रविवारी येतो बघायला. मिसळ मात्र माझ्या पसंतीच्या ठिकाणी.

.

जुना_फोरमन

चाकाच्या दातांना कापल्यावर ग्राइंडर मारून घे, गॅसची कड साखळी खाते. आणि मामांची ती खुर्ची डेकपासून लांब ठेव. डेक चालू झाला की ते उठून जवळ जाणारच, मी ओळखतो असली माणसं.

.

वखारीचा_पोरगा

काल जमिनीवर नुसती साखळी पसरली होती, तर तिच्याजवळ जाऊन बसलेच होते. कुऱ्हाडीने एकेक कडी ठोकून बघत होते. बदलायच्या पिना तीन नाहीत, पाच आहेत म्हणाले.